खंडेनवमीचा डबा

१४ सप्टेंबर २००५, नांदेड

फ्रिजमिस्त्रींचं दोन दिवसांचं शिबिर संपलं. निघताना प्रत्येकाला एक वही दिली. सर म्हणाले, रोज काय केलं ते लिहा. कोणत्या मशीनला कोणता गॅस, कोणतं तेल, किती वेळ. मशीन बिघडलं की कामावरच्या माणसाला विचारू नका, वहीला विचारा. सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील.

मी आलो तो सोमेश्वरच्या फ्रिजमुळे. कळमनुरीत माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच रस्त्यावर त्याचं मेडिकल. त्याच्या फ्रिजात इन्सुलिन असतं, धनुर्वाताची आणि कुत्रा चावल्याची इंजेक्शनं असतात. फ्रिज नव्या गॅसवरचा, ओझोनला धक्का न लावणारा. ऑगस्टमध्ये त्याचा कॉम्प्रेसर मी कापला, वाइंडिंग केलं आणि पंचवीस वर्षं घालतो ते तेल घातलं. अठरा दिवसांत जाम झाला.

का, ते इथं कळलं. जुनं खनिज तेल या गॅसमध्ये मिसळत नाही. गॅसबरोबर निघतं, आतल्या थंड नळ्यांत बसून राहतं, परत येत नाही. कॉम्प्रेसर कोरडा पडतो. सर म्हणाले, गॅस बदलला म्हणजे तेल बदललं. पंचवीस वर्षं मी गॅस पाहत आलो. तेलाला तेलच समजत होतो.

आणखी एक गॅस आहे. तोही निर्मळ, आणि जुन्या तेलाशी त्याचं जमतं. पण पेट घेतो. सोमेश्वरच्या दुकानात स्पिरिटच्या बाटल्या आहेत. तिथं तो नको.

म्हणजे नवं तेल. त्याला एस्टरचं तेल म्हणतात. त्याच्या खोडी लिहून ठेवतो. हवेतलं पाणी ओढतं. पंधरा मिनिटांच्या वर उघडं ठेवायचं नाही. एकदा पाणी प्यायलं की व्हॅक्यूमनंही, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल खेचून काढली तरी, सोडत नाही. लहान डबा घ्यायचा, उघडला की संपवायचा.

मी उभा राहून म्हणालो, "आमच्याकडं हवा कोरडी असते, सर."

सर म्हणाले, "तुमच्याकडं मीठ पाझरत नाही?"

सगळे हसले. मी बसलो.

१६ सप्टेंबर

ओमप्रकाशला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे नऊ वर्षं आहे. तांड्यावरचा. एकतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. आयटीआय झालेला. मी झालेलो नाही. वाइंडिंग आणि तेल माझ्याकडे, व्हॅक्यूम आणि गॅस भरणं त्याच्याकडे. मी जातपात पाहत नाही. दोघं एकाच माठातलं पाणी पितो.

त्यानं वही मागितली. तेलाचं पान दोनदा वाचलं.

"उस्ताद, हे तेल तर दारुड्यावानी हाय. उघडं दिसलं की पितंय."

"सोडवू त्याची."

"सोडत न्हाई असं लिवलंय की तुमीच."

सोमेश्वरला सांगितलं, दसऱ्यानंतर तुझा फ्रिज नीट करून देतो. तो म्हणाला, "तवर इन्सुलिन घरी ठिवतो, वांग्याच्या बाजूला. मायला सांगितलंय, भाजीत घालू नको."

३ ऑक्टोबर

नांदेडहून नवं तेल आणलं. पाच लिटरचा पत्र्याचा डबा, पक्क्या सीलचा. दुकानदाराकडे अर्ध्या लिटरचेही होते. पण वर्षाचा डबा मोठाच घेतो मी. पूजेत अर्ध्या लिटरचा डबा कसा दिसेल.

ओमप्रकाश म्हणाला, "सर ल्हान घ्या म्हनले व्हते."

"सरांच्या घरी खंडेनवमी होत नसेल."

तो हसला. डबा त्यानंच फळीवर ठेवला, वर सरळ उभा, देवासारखा.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी हत्यारं रॉकेलनं धुतली, कोरडी केली, पाटावर लाल कपडा टाकून मांडली. पाने, गेज, फ्लेअरिंगचा सेट, कटर, वेल्डिंगचं नोझल. झेंडू. नारळ ओमप्रकाशनं फोडला.

माझ्या उस्तादांची रीत अशी. वर्षाच्या तेलाचा नवा डबा हत्यारांसमोर उघडायचा. पहिली धार वाटीत घ्यायची, बोटानं एकेका हत्याराला लावायची. मग डबा उघडाच पूजेत राहतो. दसऱ्याला सोनं वाटून झालं की उचलायचा. तोवर पूजेतल्या कशालाही हात लावायचा नाही. नांदेडला त्यांच्याकडे मी सात वर्षं ही पूजा पाहिली. माझ्या दुकानात अठरा वर्षं केली. यंदा मान नव्या तेलाचा. हात जोडताना मनात म्हटलं, नवा आहेस, आमचा हो.

दुपारी पाऊस येऊन गेला. फरशीला ओल सुटली. उदबत्ती दोनदा विझली. मंजुळा प्रसादाचं ताट घेऊन आली. "हवा कशी गिच्च झालीय. घरी काड्यापेटी पेटंना," म्हणाली.

निघताना ओमप्रकाशनं विचारलं, "उस्ताद, डब्याला बूच लावू का?"

मी म्हणालो, "पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नसतो. नऊ वर्षांत एवढं कळलं नाही?"

त्यानं हात मागे घेतला. बरं वाटलं. ऐकतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटलं. संध्याकाळी डब्याला बूच लावून फळीवर ठेवला. तेल पाहून घेतलं. पाण्यासारखं स्वच्छ.

१५ ऑक्टोबर

सोमेश्वरचं काम झालं. वाइंडिंग नवं. तेल तीनशे मिली, मी स्वतः मापून घातलं. ओमप्रकाशनं पाऊण तास व्हॅक्यूम लावला, गॅस भरला. तासाभरात थर्मामीटरचा काटा चारवर. सोमेश्वरनं इन्सुलिन घरून आणलं, रांगेनं लावलं.

"मिस्त्री, आता किती दिवस?"

"मोजत बस."

१८ ऑक्टोबर

हट्ट्याच्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर. नवा गॅस, नवं तेल. काल नरसीला देवळाच्या रस्त्यावरच्या रसवाल्याचा फ्रिज केला, तोही तसाच. डब्यातून एक लिटर संपलं. हाताला बसत चाललं आहे. चाळीस-पन्नास वर्षांची माणसं नवं शिकत नाहीत असं शिबिरात कुणी तरी म्हणालं होतं. त्याला हट्ट्याला न्यायला पाहिजे.

२० ऑक्टोबर

सोमेश्वरचा निरोप. गेलो तर काउंटरवर हात टेकून उभा.

"मिस्त्री, तुमचा फ्रिज लाइट गेली की बरा होतो."

मला वाटलं चेष्टा करतो. बसून पाहिलं. दोन तास चांगला गार झाला. मग गारवा थांबला. कॉम्प्रेसर चालू, काटा वर वर. अकराला लोडशेडिंग झालं, तीनला लाइट आली, फ्रिज पुन्हा गार. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच.

हे मी शंभरदा पाहिलं आहे. आत पाणी राहिलं आहे. केसासारख्या बारीक नळीच्या तोंडाशी त्याचा बर्फ धरतो, गॅसची वाट बंद होते. लाइट गेली की बर्फ वितळतो, वाट उघडते. पाणी राहिलं म्हणजे व्हॅक्यूम कमी पडला.

ओमप्रकाशला विचारलं.

"पाऊन तास लावला व्हता, उस्ताद."

"मधे लाइट गेली होती?"

"गेली व्हती. आली तवा पह्यल्यापासून लावला."

फिल्टर बदलायला सांगितला. दीड तास व्हॅक्यूम लावायला सांगितला. मला वारंग्याला जायचं होतं, थांबलो नाही.

२८ ऑक्टोबर

सोमेश्वरकडे पुन्हा तेच. हट्ट्याचं आइस्क्रीम पातळ झालं. नरसीचा रसवाला म्हणतो, तुमच्या फ्रिजला लोडशेडिंगचं औषध लागतं.

तीन मशीन. मी शांतपणे विचार केला. गॅस वेगवेगळ्या सिलिंडरचा. फिल्टर वेगवेगळे. तेल मी स्वतः घातलं, तो प्रश्नच नाही. तिन्हींत एकच गोष्ट सारखी, व्हॅक्यूमला लावलेला हात.

तांड्यावरच्या लोकांना घाई असते. हे मी वाईट अर्थानं लिहीत नाही.

७ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस. मेडिकलमध्ये गर्दी. सोमेश्वर सगळ्यांदेखत म्हणाला, इन्सुलिनच्या चार बाटल्या फेकाव्या लागल्या, आता तरी सांगा दोष कुणाचा. ओमप्रकाश माझ्याबरोबर होता, हातात पाना.

मी म्हणालो, "तेल माझं, वाइंडिंग माझं. व्हॅक्यूम याचा. यानं व्हॅक्यूम चोरला."

कुणी तरी हसलं. मागून आवाज आला, "आरं, व्हॅक्यूम बी चोरता येतो व्हय? त्यात तर काईच नसतंय."

सगळेच हसले. ओमप्रकाश हसला नाही. त्यानं पाना शर्टाला पुसला, काउंटरवर ठेवला.

"तुमचा हाय, उस्ताद."

गेला.

रागात बोललो. पण खोटं बोललो नाही.

९ नोव्हेंबर

आला नाही. निरोपही नाही.

रसवाल्याकडून कळलं, तो हिंगोलीला दोन दुकानांत काम विचारायला गेला होता. एकानं विचारलं, कळमनुरीचा व्हॅक्यूमचोर तूच का?

मला वाईट वाटलं. घरी मंजुळाला तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"तुमी वाईट वाटून घ्या. तवर त्याची लेकरं काय खातील?"

"चूक त्याची आहे."

"आसंल." भाकरी उलटली.

१२ नोव्हेंबर

सोमेश्वर म्हणतो, आता हात जोडतो, नवाच फ्रिज घेतो. मी म्हणालो, एकदा माझ्या एकट्याच्या हातानं करू दे. तो म्हणाला, तवर औषधं? मी घरचा फ्रिज हातगाडीवर घालून त्याच्या दुकानात नेऊन ठेवला. मंजुळानं आतलं दूध काढून घेतलं, विरजण लावलं.

कॉम्प्रेसर उघडला, धुतला. तेल नवं घातलं, त्याच डब्यातलं, तीनशे मिली. वेल्डिंग मी केलं. व्हॅक्यूम मी लावला. पाऊण तास नाही, दीड तास नाही, तीन तास. स्टुलावर बसून राहिलो, घड्याळ समोर. चहाला उठलो नाही. गॅस मी भरला. दुकानातच चालू करून ठेवला.

आता पाहू.

१७ नोव्हेंबर

चार दिवस उत्तम चालला. आज सकाळी हात लावला तर फ्रिजातली जाळी कोमट. प्लग काढला, तासभर थांबलो, लावला. गार झाला. दुपारी पुन्हा कोमट.

माझं घड्याळ. माझा हात. तीन तास.

१८ नोव्हेंबर

कॉम्प्रेसर कापला. आतला दांडा तांबूस झाला आहे. पोलादाच्या दांड्यावर तांब्याचा मुलामा चढलेला. आंबट वास. असं पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

कंपनीनं तेल खराब दिलं असणार. डबा घेऊन नांदेडला जावं, दुकानदाराच्या पुढ्यात आदळावा असं मनात आलं. मग वाटलं, आधी सरांना विचारावं. कार्ड टाकलं. सगळं लिहिलं. किती तास, किती मिली, दांडा तांबूस. ओमप्रकाशचं लिहिलं नाही. कार्डात जागा नव्हती.

हे खरं नाही. जागा होती.

२६ नोव्हेंबर

सरांचं उत्तर आलं. कार्ड जवळजवळ कोरं.

"डबा कधी उघडला? किती वेळ उघडा होता? वहीला विचारा."

मी वही उघडली. मागे मागे गेलो. ११ ऑक्टोबर. माझंच अक्षर.

फरशीला ओल सुटली. उदबत्ती दोनदा विझली. काड्यापेटी पेटेना. डबा उघडाच पूजेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

मग १४ सप्टेंबरचं पान वाचलं. पंधरा मिनिटं.

पाणी प्यायलेलं तेल आंबलं, त्यानंच दांडा तांबूस केला. जुन्या तेलाला काही होत नसे. माझ्या उस्तादांचा डबा आठ-आठ दिवस उघडा असे आणि मशीन वीस वर्षं चालत. रीत त्या जुन्या तेलाची होती. मी ती हत्यारांची समजलो.

पुन्हा ११ ऑक्टोबर. "उस्ताद, डब्याला बूच लावू का?"

त्याखाली मी लिहिलं आहे, बरं वाटलं, ऐकतो.

२७ नोव्हेंबर

दिवसभर दुकान उघडलं नाही. मंजुळानं विचारलं, ताप आहे का. नाही म्हणालो. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजी त्यानं इच्यारलं व्हतं."

"विचारलं होतं."

"मंग आता बसलाव काहून?"

पण नुसतं वहीवरून जाणार नाही. एकदा अर्धवट माहितीवर बोलून बसलो आहे. आधी मशीननं सांगावं.

१ डिसेंबर

नांदेडहून अर्ध्या लिटरचा डबा आणला. सील असलेला. सोमेश्वरचा कॉम्प्रेसर पुन्हा पहिल्यापासून. नवीन वाइंडिंग, नवा फिल्टर, सगळ्या नळ्या आतून धुऊन, सुकवून. सगळी जोडणी तयार ठेवली आणि मग सील तोडलं. तेल घालून नळी बंद करायला सहा मिनिटं लागली. उरलेलं तेल फेकलं. जिवावर आलं, पण फेकलं.

व्हॅक्यूम पाऊण तास. एक मिनिटही जास्त नाही. ओमप्रकाश लावायचा तेवढाच.

१० डिसेंबर

नऊ दिवस. लाइट असते तेवढा वेळ चालू. वहीत रोज चार वेळा काटा लिहिला, तीन ते पाच. एकदाही कोमट नाही. लोडशेडिंगनंतर जसा, तसाच आधी.

पाऊण तास पुरतो. पुरत होता.

उद्या तांड्यावर.

११ डिसेंबर

सायकलवर गेलो. तांड्याच्या तोंडाशी एक ट्रॉली उभी, लोक गोधड्या, भांडी बांधत होते. ऊसतोडीची टोळी. हंगाम सुरू होऊन महिना झाला, उशिरा निघालेली टोळी आहे. ओमप्रकाशच्या दारातही एक गाठोडं होतं. त्यावर कोयता.

त्याची आई जिवनबाई अंगणात बसली होती. मला ओळखते. दिवाळीला नऊ वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं आहे, यंदाचं सोडून.

"राम राम, व्यंकटराव. बसा." पाणी दिलं. मग म्हणाली, "पोरगं जाऊन राहिलंय, सून बी. परवा ट्रक येनार. मुकादमानं नाव लिवलं."

"आयटीआय झालेला माणूस ऊस तोडणार?"

"काम कोन देतंय?" ती म्हणाली. "चोर हा शब्द आमाला नवा न्हाई. आमच्या बापजाद्यांपासून ऐकतो. तुमच्या तोंडून नवा व्हता."

सोळा सप्टेंबरला मी वहीत लिहिलं आहे, मी जातपात पाहत नाही. आणि अठ्ठावीस ऑक्टोबरला तांड्यावरच्या लोकांबद्दलही एक वाक्य लिहिलं आहे. दोन्ही माझ्याच अक्षरात आहेत.

ओमप्रकाश आतून आला. बसला नाही. मी वही काढली आणि वाचली. चौदा सप्टेंबर, मग अकरा ऑक्टोबर, बूच लावू का इथपर्यंत. मग सव्वीस नोव्हेंबर. जिवनबाई ऐकत होती. शेजारची दोन माणसं येऊन उभी राहिली. वाचून झाल्यावर सांगितलं, पाऊण तासाच्या व्हॅक्यूमवर सोमेश्वरचा फ्रिज दहा दिवस चालू आहे.

तो म्हणाला, "मला म्हाईत व्हतं."

"मग त्या दिवशी काउंटरवर का बोलला नाहीस?"

"काय बोलू? पूजेत बोललो तर हात लावू नको म्हनलात. काउंटरवर बोललो असतो तर तुमच्या पूजेत खोट काढली असं झालं असतं. लोकायसमोर."

मी म्हणालो, चूक माझी. दुकानात चल.

त्यानं मान हलवली. "मला सांगून काय फायदा, उस्ताद? मला तर ठावंच व्हतं. जिथं बोलला तिथं बोला."

"उद्या बाजार आहे."

"व्हय," तो म्हणाला. "म्हनून तर."

१२ डिसेंबर

मंजुळा म्हणाली, मी येऊ का संगं. नको म्हणालो. ती आली.

सोमेश्वरचा फ्रिज हातगाडीवर घेऊन गेलो. आमच्या घरचा बाहेर काढला, त्याचा जागेवर लावला. गिऱ्हाईकं होती. सात नोव्हेंबरला हसलेल्यांपैकी दोघं तरी होते. ओमप्रकाश दिसला नाही. रस्त्यापलीकडे चपलांच्या दुकानाच्या ओट्यावर जिवनबाई बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

मी काउंटरवर वही ठेवली आणि म्हणालो, "गेल्या महिन्यात मी इथं एक बोललो होतो. ते खोटं होतं."

सोमेश्वरनं कात्री खाली ठेवली.

मी अकरा ऑक्टोबरचं पान वाचलं. सगळं. मग सांगितलं की हे तेल उघडं राहिलं की हवेतलं पाणी पितं, ते मी पाजलं, पूजा म्हणून पाजलं. व्हॅक्यूम पुरेसा होता. ओमप्रकाशनं झाकण लावतो म्हटलं होतं, मी त्याला गप्प केलं.

मागून तोच आवाज. "मंग व्हॅक्यूम चोरला कुनी?"

"कुणी चोरला नाही," मी म्हणालो. "चोरला असं म्हणणारा मी होतो. यापुढं कुणी त्याला त्या नावानं हाक मारली तर ते नाव माझं आहे. हाक मला मारा."

या वेळी हसलं कुणी नाही. एका म्हातारीनं खोकल्याचं औषध मागितलं आणि काम पुढं सुरू झालं.

सोमेश्वर हळूच म्हणाला, "व्यंकटराव, हे वाचायची गरज नव्हती. नुस्तं तेल खराब निघालं म्हनला असता तरी चाललं असतं."

"तेल चांगलं होतं," मी म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा ओट्यावर जिवनबाई नव्हती.

१४ डिसेंबर

ट्रक काल गेला. ओमप्रकाश त्यात नव्हता. मुकादम शिव्या देत होता म्हणे.

तो माझ्याकडेही आला नाही. दुकान उघडं ठेवून वाट पाहिली. सोमेश्वरच्या काउंटरवर त्यानं ठेवलेला पाना पुसून ठेवला.

१९ डिसेंबर

सोमेश्वरच्या मेव्हण्याचं नरसीला किराणा दुकान आहे. त्याच्या थंड पेयांच्या फ्रिजचं काम सोमेश्वरनं ओमप्रकाशला दिलं. मला नाही. हट्ट्याच्या आइस्क्रीमवाल्यानंही त्यालाच बोलावलं. माझ्या हातानं बिघडलेलं मशीन त्यानं नीट केलं. तेल अर्ध्या लिटरच्या डब्यातलं.

बरोबर आहे. दुपारी जेवण गेलं नाही, हेही लिहितो.

पाना मंजुळाच्या हाती पाठवला. सोबत खरवस. तिनं येऊन सांगितलं, पाना ठेवून घेतला.

२६ जानेवारी २००६

पाच लिटरच्या डब्यात अजून तीन लिटर आहे. फेकवत नाही. गेटच्या बिजागऱ्यांना, हातगाडीच्या चाकांना, शटरला घालतो. शटर आता आवाज न करता वर जातं. रोज सकाळी तेवढं मला कळतं.

ओमप्रकाशनं नरसीच्या रस्त्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. पाटीवर फक्त त्याचं नाव. पाटीखाली लिहून घेतलं आहे, नवीन गॅस, नवीन तेल. एकदा सायकलवरून जाताना पाहिलं. तो कॉम्प्रेसरवर वाकलेला होता. थांबलो नाही.

१ ऑक्टोबर २००६, खंडेनवमी

हत्यारं धुतली, मांडली. नवा डबा अर्ध्या लिटरचा, सीलबंद. पूजेत लहानच दिसतो. दिसू दे.

हत्यारांना लावायला तेल कोणतं, हा प्रश्न होता. मंजुळानं घरचं करडईचं तेल वाटीत आणून ठेवलं. "ह्येला काई होत न्हाई," म्हणाली. "आपल्याच रानातलं हाय."

नारळ फोडायला निघालो तर दारात ओमप्रकाश. नवा शर्ट. हातात लहान डबा, सीलबंद. माझ्या डब्याशेजारी आपला ठेवला. खिशातून पाना काढला, तोही पाटावर ठेवला. नारळ त्याच्याकडे दिला. त्यानं फोडला.

दोन्ही डब्यांच्या सीलवर त्यानं कुंकू लावलं. मी करडईच्या तेलात बोट बुडवून एकेका हत्याराला लावलं. त्याच्या पान्यालाही.

जाताना उंबऱ्यापाशी थांबला. पूजेकडे पाहिलं.

"उस्ताद, वाटीवर झाकन ठिवू का?"

मंजुळाला हसू आवरेना. त्याचा चेहरा सरळ.

मी म्हणालो, "ठेव."

त्यानं झाकण ठेवलं.